पाय खाली सोडून बसलेली माणसं

पायाची रक्तवाहिनी बंद पडत आलेला पेशंट ओळखायला मला केसपेपर लागत नाही. रात्री दोनच्या सुमारास वॉर्डातून एक चक्कर मारली की पुरे. बाकीचे कसेबसे आडवे झालेले असतात. हा मात्र खाटेच्या कडेला बसलेला असतो. दुखरा पाय खाली सोडलेला, दोन्ही हातांनी गुडघ्याखाली घट्ट आवळून धरलेला, आणि सगळं अंग मागे-पुढे झुलत असतं. ‘बाबा, पडा की जरा,’ म्हटलं तर मान वर न करता उत्तर येतं, ‘पडलो की आग पेटती बघा सिस्टर.’ खाली चटईवर त्याची बायको जागीच असते. सकाळी राउंड येतो तेव्हा हाच माणूस भिंतीला टेकून पेंगत असतो. डॉक्टर विचारतात, ‘काय बाबा, झोप लागली ना?’ तो मान हलवतो, आणि राउंड पुढच्या खाटेवर जातो.

मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, गाडीवरून पडलेले, भाजलेले, सगळ्यांची दुखणी बघत आले आहे. पण पायाला रक्त न पोचल्यामुळे जे दुखतं त्याच्याइतकं चिवट आणि त्याच्याइतकं दुर्लक्षित दुखणं मी दुसरं पाहिलेलं नाही. सगळ्यांचं लक्ष रक्तवाहिनीवर असतं: कुठे ब्लॉक आहे, आत फुगा फुगवून ती रुंद करता येईल का, वळसा घालून बायपास होईल का, बोट वाचेल का. दुखणं काय, आजाराबरोबर आलंय, आजाराबरोबर जाईल, असं धरून चालतात. पण वाहिनी उघडायला कधी आठवडा जातो, कधी महिना, आणि कधी ती उघडतच नाही. तोवरच्या रात्री त्या माणसाने कशा काढायच्या? वाहिनी उघडण्याची तयारी आणि दुखणं थांबवण्याची तयारी एकाच दिवशी, एकाच कागदावर सुरू झाली पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगते.

आधी तो पाय खाली का सोडतो ते पाहू. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्यांचं रान आहे त्यांना हे लगेच कळेल. वर पाणी कमी सोडलं की पहिला सुकतो तो टेलचा शेतकरी. पायाची बोटं म्हणजे शरीराचं टेल. मधली वाहिनी चरबीच्या आणि चुन्याच्या थरांनी अरुंद झालेली असली की तिथवर पोचायला दाब पुरत नाही. माणूस उभा किंवा बसलेला असताना हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताचं वजन त्या दाबात भर घालतं, म्हणून दिवसा थोडंफार भागतं. आडवं झालं की ती भर संपते. त्यात झोपेत रक्तदाब उतरतो. मग बोटांना, चवड्याला, टाचेला आग सुरू होते. कुणी म्हणतं निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं होतं, कुणी म्हणतं कुत्रं तोडतंय. पाय खाली सोडला की दोन-चार मिनिटांत जरा उतार पडतो. हा इलाज त्याला कुणी शिकवलेला नसतो, त्याचा त्याने शोधलेला असतो.

पण रात्रभर लोंबकळलेला पाय सकाळी सुजतो. सुजलेल्या पायात रक्त आणखी कमी फिरतं, जखम भरत नाही. गुडघा दुमडून महिनोन्‌महिने बसलेल्या माणसाचा गुडघा तसाच आखडून बसतो, पुढे पाय वाचला तरी सरळ होत नाही. म्हणून जुन्या सिस्टरांनी शिकवलेली एक साधी गोष्ट मी अजून करते. खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायच्या. सगळी खाट पायथ्याकडे उतरती होते, माणूस आडवा राहतो आणि पावलं हृदयाच्या खाली राहतात. सगळ्यांना पूर्ण आराम पडतो असं नाही, पण दोन तास सलग झोप लागली तरी माणसाचा चेहरा बदलतो. दुसरी गोष्ट खोक्याची. सलाईनच्या बाटल्या येतात ते पुठ्ठ्याचं खोकं दोन बाजूंनी कापून पावलांवर पालथं ठेवलं की चादर बोटांना टेकत नाही. ज्याचं बोट काळं पडत आलंय त्याला चादरीचा स्पर्शही सोसत नाही, हे नातेवाइकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. माया म्हणून ते दोन-दोन गोधड्या पायावर टाकतात.

मायेनेच आणखी दोन गोष्टी होतात आणि त्या फार महागात पडतात. एक म्हणजे शेक. पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, कधी शेगडीच. त्या पायाला ऊब नीट कळत नाही, आणि भाजलेली कातडी भरून यायला जे रक्त लागतं ते तिथे येत नसतं. एका पिशवीने उठलेला फोड महिने चालतो. लोकरीचा मोजा घाला, पाय झाका, पण शेक नको. दुसरं म्हणजे पायाखाली उशी. दिवसभर उभं राहून ज्यांच्या शिरा फुगतात, कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, आचारी, न्हावी, त्यांचा पाय संध्याकाळी जड होतो, सुजतो, आणि वर उचलून ठेवला की हलका होतो. तो आजार अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरांचा. इथे गडबड शुद्ध रक्त आणणाऱ्या रोहिणीची असते आणि सगळं नेमकं उलटं असतं: पाय वर उचलला की पांढराफटक पडतो आणि कळ वाढते, खाली सोडला की थोड्या वेळाने जांभळट लाल होतो. ती लाली बघून घरचे म्हणतात, बघा, रक्त आलं. ती बरी झाल्याची लाली नसते. शिरा फुगलेल्या पायाला घालतात तो घट्ट मोजाही या पायाला घालायचा नाही. नीट तपासल्याशिवाय तर नाहीच.

ही रात्रीची आग म्हणजे आजार बराच पुढे गेल्याची खूण. त्याआधी बहुतेकांना वर्ष-दोन वर्षं दिवसाची कळ येऊन गेलेली असते. चालता चालता पोटरी भरून येते, गोळा येतो, थांबावं लागतं. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की जातं. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतं. आधी स्टँडपर्यंत जाता येतं, मग देवळापर्यंत, मग दारातल्या नळापर्यंत. गंमत वाटेल, पण ही कळ आधी नीट नोंदली गेली ती माणसात नव्हे, घोड्यात. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीला जुंपलेल्या एका घोड्याचं वर्णन केलं. थोडं धावलं की तो मागच्या पायाने लंगडायचा, उभं केलं की ठीक व्हायचा. मेल्यावर पाहिलं तर पायाकडे जाणारी रोहिणी बंद पडलेली. माणसातलं हेच दुखणं पॅरिसच्या शार्को यांनी १८५८ मध्ये मांडलं.

आपल्याकडे मात्र अजूनही हा पेशंट आधी ‘वयोमानाने’ या खात्यात जमा होतो. मग संधिवात, मग सायटिका, मग मणक्याची गॅप. तेल लावून झालं, बेल्ट बांधून झाला, लेप झाला. मणक्यामुळेही चालताना पाय भरून येतात हे खरं. पण तो माणूस बसला किंवा पुढे वाकला की सुटतो, नुसतं उभं राहून त्याचं भागत नाही. रक्त कमी पडणारा माणूस जागच्या जागी उभा राहिला तरी सुटतो. ‘कळ आली की काय करता? उभं राहता की बसता?’ एवढा एकच प्रश्न ओपीडीत विचारला गेला तरी किती जणांचं वर्ष वाचेल! आणि बूट-मोजे काढून पावलावर बोटं टेकवून नाडी बघायला अर्धं मिनिट लागतं.

पुढची तपासणीही सोपी आहे. दंडावर आणि घोट्याच्या वर पट्टी बांधून दोन्हीकडचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर आलं तर ठीक. ०.९ च्या खाली आलं तर वाहिनी आखडली आहे. ०.४ च्या आसपास आलं तर पाय धोक्यात आहे. मधुमेह्यांत वाहिनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते आणि आकडा खोटाच चांगला येतो. त्यांच्यात अंगठ्याचा दाब बघावा लागतो. रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं डॉप्लरचं यंत्र पावलावर जेल लावून फिरवतात. आधी नुसती खरखर येते, मग कुठेतरी शूक्, शूक्, शूक् असा आवाज पकडला जातो. तो येईस्तोवर पेशंट आणि त्याची बायको दोघंही यंत्राकडे बघत श्वास धरून असतात. येत असेल तर आवाज जरा मोठा करून दोघांना ऐकवावा. जिथे जीव उरलाय तिथला आवाज ऐकायचा त्यांना हक्क आहे.

आता बिडीविषयी. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांत मधुमेह, ब्लडप्रेशर, वाढलेलं कोलेस्टेरॉल असं सगळं एकत्र असतं. पण पस्तिशी-चाळिशीचा, अंगाने काटक, शुगर नाही, प्रेशर नाही, आणि पायाचं बोट काळं, असा पुरुष आला की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, बर्जर. विनिवार्टर या सर्जनने १८७९ मध्ये असा पाय पहिल्यांदा वर्णन केला आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये कापलेल्या पायांच्या वाहिन्या तपासून तो आजार सविस्तर मांडला. लहान आणि मध्यम आकाराच्या वाहिन्यांना सूज येते, आत गाठी होतात, पाय आणि हात दोन्हीकडे. तंबाखूशिवाय हा आजार जवळजवळ दिसत नाही, आणि आपल्याकडे त्यातही बिडी. पावलाजवळच्या बारीक वाहिन्याच बंद असल्यामुळे बायपास जोडायला खाली जागाच उरत नाही. मग कमरेतून पायाला जाणाऱ्या, वाहिन्या आवळणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूची साखळी कापतात, वाहिन्या सैल करणारी प्रोस्टाग्लॅंडिनची इंजेक्शनं देतात, कधी पोटातली चरबीची चादर पायात उतरवून बघतात. कशाकशाने कुणाकुणाला उतार पडतो. आजार थांबवणारी गोष्ट मात्र एकच: तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन ओढणंही चालत नाही. बिडीऐवजी मळून खाल्लेलीही नको. बोट सडण्याआधी ज्याने सोडली त्याचा पाय बहुतेक वेळा वाचतो. एवढं स्पष्ट उत्तर फार थोड्या आजारांत मिळतं.

आणि तरीही तो पहाटे तीनला संडासात जाऊन ओढतो. का ओढतो हे समजून घेतल्याशिवाय नुसतं रागावून काही होत नाही. त्याला विचारलं तर तो सांगतो, ‘दोन झुरके मारले की जरा कळ विसरते.’ हे खोटं नाही. निकोटीनने थोडा वेळ दुखणं बोथट होतं. तेच निकोटीन वाहिनी आवळतं आणि तासाभराने दुखणं वाढवून देतं. म्हणजे ज्या गोष्टीने पाय जातोय तीच त्याची एकमेव वेदनाशामक उरलेली असते. अशा माणसाला आठ रात्री जागं ठेवून, ‘बिडी सोड नाहीतर पाय कापू’ असं सांगणं हे उपचार नव्हेत. आधी त्याचं दुखणं आवाक्यात आणा, चार तास झोपवा आणि मग बिडीची गोष्ट काढा. झोप झालेला माणूस ऐकतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. ज्यांनी सोडली त्यांतल्या बऱ्याच जणांनी अशी झोप मिळाल्यानंतर सोडली. ओरडा खाऊन सोडणारे मला फारसे आठवत नाहीत.

बिडीचा दुसरा पदरही डोळ्यांआड करता येत नाही. सोलापुरात, सिन्नरला, निपाणीकडे हजारो बायकांची चूल बिडीवर पेटत आलेली आहे. एका पेशंटची बायको स्वतः बिड्या वळायची. नवऱ्याच्या खाटेशेजारी बसून तिची बोटं रिकाम्या हवेत तेंदूपत्ता गुंडाळल्यासारखी हलायची, सवयीने. तिने मला विचारलं होतं, ‘आमच्या हातच्याच असतील का हो ह्यांनी ओढलेल्या?’ मी तिला म्हटलं, तुम्ही पोट भरत होतात ताई. याहून दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं, आणि आजही नाही.

दुखणं आवाक्यात आणायचं म्हणजे काय करायचं? पहिली गोष्ट, औषध मागितल्यावर द्यायचं नाही, वेळेवर द्यायचं. आमच्याकडे ऑर्डर असते, ‘दुखलं तर द्या’. पण आपल्या लोकांना मागायची लाज वाटते. खेड्यातला माणूस सिस्टरला रात्री उठवत नाही, सोसतो. दुखणं डोक्यावरून पाणी जाईल इतकं वाढल्यावर दिलेली गोळी पुरत नाही. पॅरासिटामॉलसारखं साधं औषधही ठरलेल्या तासांनी दिलं तर वरच्या औषधाची गरज कमी पडते. दुकानातून आणलेल्या ‘अंगदुखीच्या’ गोळ्या या माणसांनी मनाने खाऊ नयेत. मधुमेही आणि म्हाताऱ्या पेशंटची किडनी आधीच नाजूक असते आणि अँजिओग्राफीचं रंगद्रव्य तिच्यावर आणखी ताण आणतं. रक्ताअभावी मज्जातंतूही आजारी पडलेले असतात, म्हणून आग, मुंग्या, सुया टोचणं यावर वेगळ्या गोळ्या लागतात. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर मॉर्फीन.

मॉर्फीन म्हटलं की सगळे दचकतात. पेशंटचा मुलगा म्हणतो, ‘ते कॅन्सरवाल्यांना देतात ना? म्हणजे बाबा आता...?’ शिकाऊ डॉक्टर म्हणतात, सवय लागेल. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि त्याच देशात वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला तोंडाने घ्यायची मॉर्फीनची गोळी मिळणं दुरापास्त. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या शिक्षेच्या धाकाने दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणंच बंद केलं. राज्याराज्याचे नियम वेगळे, आणि वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करता करता आधीच्या परवान्याची मुदत संपायची. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून कोझिकोडला वेदनाशमनाचं काम उभं केलं, कायदा बदलण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१४ मध्ये कायदा सुधारला. कागदावरची अडचण बरीच कमी झाली. मनातली कमी व्हायची आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खऱ्या वेदनेसाठी, मोजून दिलेलं मॉर्फीन माणसाला व्यसनी करत सुटत नाही. थोड्या डोसाने सुरू करायचं, श्वासावर आणि गुंगीवर लक्ष ठेवायचं, किडनी बघायची आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं. हे आम्हाला जमतं. जमवायचं ठरवावं लागतं, एवढंच.

दुसरी गोष्ट ड्रेसिंगची. पेशंट सकाळी पहिलं काय विचारतात माहीत आहे? ‘आज ड्रेसिंगला कोण हाय?’ कुणाचा हात हलका आणि कुणाचा जड, हे अख्ख्या वॉर्डाला पाठ असतं. बर्जरचा एक तरुण होता, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. अंगठ्याचं टोक गेलेलं, खाली लालसर उघडं मांस. ड्रेसिंगची ट्रॉली लांबून खडखडताना ऐकली की त्याला घाम फुटायचा. त्याच्या गोळीची वेळ आम्ही बदलून ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी आणली. बाटलीतलं सलाईन कोमट करून गॉजवर थेंब थेंब सोडत राहायचं, गॉज आपसूक सुटेपर्यंत, ओढायचा नाही. पाच-सात मिनिटं जास्त जातात. तेवढ्या वेळात तो मला चिमण्यांच्या घरट्याविषयी सांगायचा, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे केलेल्या. आधी ड्रेसिंग म्हटलं की उशी चावणारा माणूस. औषध तेच, पाय तोच. वेळ बदलली आणि हात बदलला.

वाहिनी उघडली की काय होतं ते मात्र डोळ्यांनी बघावं असं आहे. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर या क्ष-किरण तज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीच्या रोहिणीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या आणि अरुंद जागा रुंद केली. तिच्या पायाची बोटं सडत होती आणि ती पाय कापू द्यायला तयार नव्हती. पाय गरम झाला, दुखणं गेलं, आणि पुढे ती जगली तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. चाकू न लावता वाहिनी उघडण्याची ती सुरुवात. पुढे ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये नळीला फुगा जोडला. आज हृदयाची अँजिओप्लास्टी घराघरांत माहीत आहे, पण तिची सुरुवात पायातून झाली. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, पॅरिसला कुनलिन यांनी मांडीतली पेशंटची स्वतःची शीर घेऊन बंद वाहिनीला वळसा घातला. तो पायाचा बायपास. असा पेशंट ऑपरेशनहून वॉर्डात परत येतो तेव्हा आम्ही तासातासाला पावलावर हात ठेवतो. संध्याकाळी गार असलेलं पाऊल रात्री ऊबदार लागतं. आणि माणूस घोरत असतो.

मधुमेहाविषयी थोडंच सांगते, कारण तिथे गोष्ट उलटी आहे. ज्याच्या पायाच्या संवेदना गेल्या आहेत त्याला रक्त कमी पडत असूनही दुखत नाही. चपलेत खिळा घुसलेला दिवसभर कळत नाही. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ असं म्हणून तो दोन महिने उशिरा येतो. आरसा घेऊन रोज स्वतःचे तळवे बघणं हाच त्याला उपाय.

आणि कधी कधी पाय कापावा लागतो. पेशंट स्वतःच म्हणतो, ‘कापा, पण झोपू द्या.’ हे वाक्य ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, याचं दुखणं आपण खरंच पुरेसं थांबवून पाहिलंय का? कारण नीट झोपलेल्या माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं. जिथे इलाज नाही तिथे कापणं हाच आराम असतो, आणि तोही वेळेवर व्हावा. फक्त त्याला खोटं सांगू नये. ‘पाय गेला की दुखणं गेलं’ असं सांगितलं जातं, आणि चौथ्या दिवशी तो दचकून उठतो: नसलेला अंगठा पिळवटतोय. त्याला वाटतं डोकं फिरलं. घरच्यांना सांगत नाही. बायको म्हणते बाहेरचं काहीतरी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासणारा अवयव, असं नाव दिलं, आणि तेव्हापासून हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पेशंटला मात्र आदल्या दिवशी कुणी सांगत नाही. मी सांगते: मामा, पाय गेल्यावरही काही दिवस तो आहे असं वाटेल, दुखेलही, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, त्यावर औषध आहे. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय सुचवला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा आणि धडधाकट पायाचं प्रतिबिंब बघत तो हळूहळू हलवायचा. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम एका जुन्या कपाटाचा आरसा त्यासाठी वापरतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही. एका मामांना मात्र आरशात दुसरा पाय सरळ होताना दिसला आणि ते म्हणाले, ‘सुटली बोटं.’

परवा एका आजींना डिस्चार्ज झाला. मांडीपासून घोट्यापर्यंत बायपास, टाके कोरडे, महात्मा फुले योजनेत बसलेल्या. आरोग्यमित्राच्या टेबलावर सह्या चाललेल्या. आजींना घाई होती, भांगलणीला माणूस मिळत नाही म्हणून. ‘कधी जाऊ गं रानात?’ म्हटलं, आधी रोज चालायचं. पोटरी भरून आली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास. घाबरून बसून राहायचं नाही, मिळेल तेवढ्या रक्तात काम करायला स्नायू असाच शिकतो. रानात अनवाणी जायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि मशेरी बंद. यावर त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘तेवढं एक सोडून सांग.’ म्हटलं, तेच एक धरून सांगते.

मग मी त्यांच्या नातीला बाजूला घेतलं, कारण पुढचं तिने ऐकणं गरजेचं होतं. पाय एकाएकी दुखायला लागला, गार पडला, पांढरा झाला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर ती कळ सकाळपर्यंत थांबवायची नाही. वाहिनीत गाठ अडकली असेल तर हातात साधारण सहा तास असतात; वेळेत आलं तर बारीक फुग्याची नळी घालून गाठ ओढून काढता येते, नंतर स्नायू मरतात. शेकायचं नाही, चोळायचं नाही, गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन घेऊन वाट बघायची नाही.

‘आणि रात्री झालं तर?’ ती म्हणाली. ‘आमच्याकडं आठनंतर यष्टी न्हाई.’

‘रात्रीच यायचं. १०८ ला फोन लाव. गाडीवाल्याला सांग पाय गार पडलाय, नाडी लागत नाही. नुसतं पाय दुखतोय म्हणू नकोस.’

तिने ते दोन शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवले.